चित्रपटाचा आवाज आणि संकलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुपट करणारी कॉलेजची मुलं, एकांकिकेतून कॅमेऱ्याकडे वळलेले, फिल्म सोसायटीत नेमानं चित्रपट पाहणारे, अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आवाज आणि संकलन यांची मुद्दाम फारकत केलेली नाही, कारण एडिटिंगला बसल्यावर ती दोन कामं वेगळी राहतच नाहीत. कट कुठे पडावा हे बऱ्याचदा कान ठरवतो. प्रश्न १०, १२ आणि १७ मध्ये 'सैराट', 'कोर्ट' आणि 'फँड्री'तले महत्त्वाचे प्रसंग आले आहेत. हे चित्रपट पाहिले नसतील तर ती उत्तरं नंतर वाचा.

१. संकलन म्हणजे नको असलेला भाग कापून टाकणं, एवढंच ना?

कापणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम आहे ते दोन शॉट शेजारी ठेवून तिसराच अर्थ निर्माण करण्याचं. १९२०च्या आसपास मॉस्कोत लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं केलेला प्रयोग म्हणूनच अजून शिकवला जातो. नट इव्हान मोझुखिन याचा एकच निर्विकार चेहरा त्यानं तीन वेगवेगळ्या शॉटना जोडला: सूपची वाटी, शवपेटी आणि एक बाई. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख, कधी ओढ दिसली.

हा प्रयोग आवाजानंही होतो आणि आजच करून बघता येईल. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाचा दहा सेकंदांचा शॉट फोनवर घ्या. एकदा त्याखाली शाळा सुटल्याचा गलका लावा, एकदा लांबून येणारी ॲम्ब्युलन्स, एकदा नुसता पाऊस. चित्रातली एकही फ्रेम बदललेली नाही, तरी माणूस तीन वेळा वेगळा दिसेल.

२. संवाद आणि पार्श्वसंगीत सोडून चित्रपटाच्या आवाजात आणखी काय असतं?

बरंच काही, आणि त्यातलं बहुतेक प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. एसटी स्टँडवरचा साधा प्रसंग घ्या: मुलगी बाकावर बसून गाडीची वाट पाहते आहे. सगळ्यात खाली असते ॲम्बियन्स, म्हणजे स्टँडचा एकसंध गजबजाट. त्यावर ठरावीक जागी बसवलेले इफेक्ट: स्पीकरवरची घोषणा, गाडी मागे घेताना कंडक्टरची शिट्टी, दार आपटल्याचा आवाज. मग फोली, म्हणजे पडद्यावरच्या हालचाली बघत बघत स्टुडिओत नव्यानं केलेले बारीक आवाज: चपला, ओढणीची सळसळ, पिशवीची चेन. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्यावरून या कामाला हे नाव पडलं. या सगळ्यावर संवाद आणि गरज असेल तरच संगीत.

आता निवड सुरू होते. खऱ्या स्टँडवर हे सगळे आवाज एकाच वेळी आणि सारख्याच जोरात येतात. चित्रपटात तसं ठेवलं तर नुसता गोंगाट होतो. मुलगी घाबरलेली असेल तर घोषणा अस्पष्ट करून जवळच्या चपलांचा आवाज वर आणता येतो. ती कुणाची आतुरतेनं वाट पाहत असेल तर प्रत्येक गाडीचं इंजिन ठळक करता येतं. कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता दाबायचा, याच निर्णयाला ध्वनी आरेखन म्हणतात. सुंदर आवाजांचा साठा जवळ असणं ही त्यानंतरची गोष्ट.

३. जे-कट आणि एल-कट यांत माझा कायम गोंधळ होतो. फरक काय, आणि वापरायचे कधी?

पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी सुरू झाला तर जे-कट. मागच्या शॉटचा आवाज चित्र बदलल्यावरही चालू राहिला तर एल-कट. टाइमलाइनवर चित्राची आणि आवाजाची पट्टी जशी दिसते, त्या आकारावरून ही नावं आली.

कधी वापरायचे, हे एका छोट्या प्रसंगावरून बघू. आई स्वयंपाकघरात आहे, मुलगा रात्री उशिरा घरी आलाय.

आई: "कुठं होतास?"
मुलगा: "मित्राकडं होतो."

जो बोलेल तो दाखवायचा, अशा पद्धतीनं कापलं तर प्रश्नावर आई दिसेल, उत्तरावर मुलगा. माहिती पोचली, प्रसंग मात्र कोरडा राहिला. आता प्रश्न संपल्यावर आईचा चेहरा आणखी १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, धरून ठेवा. मुलाचं "मित्राकडं" आईच्याच चेहऱ्यावर ऐकू द्या आणि "होतो"च्या आधी त्याच्यावर या. हा जे-कट झाला. यात उत्तर आईनं कसं घेतलं हे आपल्याला आधी दिसतं आणि मुलाचा चेहरा नंतर. तो खोटं बोलतोय का, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात तयार झाला, आणि त्यासाठी संवादात एक शब्दही वाढवावा लागला नाही.

उलटं करून बघा. "कुठं हो..." वरच मुलावर कट करा आणि प्रश्नाचा उरलेला भाग त्याच्या चेहऱ्यावर ऐकू द्या. हा एल-कट. आता प्रसंग मुलाचा झाला. तेव्हा कट निवडण्याआधी एवढंच विचारा: हा प्रसंग कुणाचा आहे?

४. कट नेमका कोणत्या फ्रेमला द्यायचा, याचा काही नियम आहे का?

नियम नाही, पण प्राधान्यक्रम आहे. 'अपोकॅलिप्स नाऊ'चे संकलक आणि ध्वनी आरेखक वॉल्टर मर्च यांनी कटच्या सहा कसोट्यांना वजनं दिली आहेत: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते ७, पडद्याच्या प्रतलातली रचना ५ आणि अवकाशातलं सातत्य ४. शिकाऊ संकलक सगळा जीव त्या शेवटच्या चार टक्क्यांवर खर्च करतात. ग्लास उजव्या हातात होता की डाव्या, यावर तास घालवतात आणि प्रसंगाची भावना सुटून जाते.

व्यवहारात मी सांगेन ती सवय अशी: प्रसंग एकदा पडदा बंद करून नुसता ऐका. जिथे बोलण्याचा ओघ अडखळतो तिथे कट चुकलेला असण्याची शक्यता मोठी. चालू हालचालीवर कट द्यायचा असेल, म्हणजे कुणी खुर्चीत बसतंय किंवा दार लावतंय, तर हालचाल अर्धवट असताना कापा आणि दार लागल्याचा 'धप्प' पुढच्या शॉटमध्ये येऊ द्या. आवाजामुळे लक्ष पुढे ओढलं जातं आणि जोड लपतो.

५. आधी चित्र कापायचं की आवाज?

आधी चित्र आणि जागेवर मिळालेला आवाज सिंक करायचा, म्हणजे एकमेकांशी जुळवून घ्यायचा. मग रफ कट, म्हणजे पहिली ढोबळ जुळणी, मग चित्र लॉक, म्हणजे यापुढे कट बदलायचे नाहीत असं ठरवणं, आणि लॉक झाल्यावर आवाजाचं बारीक काम. मात्र लॉक होईपर्यंत आवाजाकडे बघायचंच नाही, असं करू नका. रफ कटमध्येच कामचलाऊ ॲम्बियन्स आणि दोन-चार महत्त्वाचे इफेक्ट टाका. त्याशिवाय शॉटची लांबी कळत नाही. मुका असताना लांबलेला वाटणारा शॉट पावसाच्या आवाजासकट अगदी बरोबर वाटू शकतो.

६. हे शिकायचं कुठे? पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये गेल्याशिवाय जमतं का?

पुण्याचं एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालं. तिथे संकलन आणि ध्वनी हे दोन्ही स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. ऑस्करविजेते ध्वनिमुद्रक रसूल पुकुट्टी तिथलेच. पूर्ण वेळ देता येत नसेल तर चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रम आणि शिबिरं होतात, त्यांचा फायदा नक्की होतो. मुंबईत असाल तर १९६८पासून चालत आलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीत जा.

साधनांची अडचण आता राहिलेली नाही. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत संकलन आणि ध्वनी दोन्ही शिकण्यापुरतं सगळं आहे. त्याहून महत्त्वाचा सराव असा: पाहिलेल्या चित्रपटातली तीन मिनिटं निवडा. एकदा नुसतं ऐकून सगळे आवाज कागदावर लिहा. एकदा आवाज बंद करून प्रत्येक कटला बोटानं टिचकी मारा. मग दोन्ही मिळून पाहा. कोणता आवाज कटच्या आधी आला आणि कोणता नंतर, ते आपोआप कळू लागतं.

७. सिंक साउंड घ्यावा की नंतर डबिंग करावं?

बजेट आणि जागा बघून ठरवा, पण शक्य असेल तर सिंक, म्हणजे शूटिंगच्या वेळीच मुद्रित केलेला आवाज. आपल्याकडे बोलपट सुरू झाले ते जागच्या जागी मुद्रित केलेल्या आवाजावरच. १९३१ साली आलेल्या 'आलम आरा'चं शूटिंग रात्री चालायचं, कारण स्टुडिओ रेल्वेलाइनच्या शेजारी होता आणि दिवसा गाड्यांचा खडखडाट माइकमध्ये यायचा. पुढे हलके पण मोठा आवाज करणारे कॅमेरे आले, बाहेरचं शूटिंग वाढलं, आणि जागेवर फक्त पायलट ट्रॅक, म्हणजे संदर्भापुरता कच्चा आवाज घेऊन नंतर डबिंग करायची पद्धत पडली. मुख्य प्रवाहातल्या हिंदी चित्रपटात सिंक साउंड पुन्हा ठळकपणे आला तो 'लगान'मुळे, २००१ साली.

मराठीसाठी माझा आग्रह जास्त आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा सोलापूरकडची बोली यांचा हेल शूटिंगच्या जागी, समोरच्या माणसाला उत्तर देताना जसा निघतो तसा डबिंगच्या काचेमागे क्वचितच निघतो. नवखे स्थानिक कलाकार घेतले असतील तर डबिंगमध्ये ते स्वतःचीच नक्कल करू लागतात.

मात्र सिंकची किंमत मोजावी लागते. जनरेटर लांब न्यावा लागतो, पंखे बंद, फ्रिज बंद, आणि देवळाच्या कर्ण्याचं वेळापत्रक आधी विचारून ठेवावं लागतं. जागा पाहायला जाताना ध्वनिमुद्रकाला बरोबर न्या. दिग्दर्शकाला सुंदर दिसणारा वाडा पिठाच्या गिरणीला लागून आहे, हे त्यालाच पहिल्यांदा कळतं.

८. 'रूम टोन घ्या' असं सगळे सांगतात. रिकाम्या खोलीचा आवाज कशाला मुद्रित करायचा?

कारण कुठलीही खोली निःशब्द नसते आणि प्रत्येकीची शांतता वेगळी असते. संवादातून खोकला किंवा दिग्दर्शकाची सूचना काढली की मागे जी पोकळी राहते ती कानाला खड्ड्यासारखी लागते. तो खड्डा त्याच खोलीच्या, त्याच माइकनं घेतलेल्या शांततेनंच बुजतो. पॅकअपच्या आधी सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट मुद्रण करा. दिवे आणि माणसं तशीच ठेवा, ती हलली की खोलीचा आवाज बदलतो.

९. पार्श्वसंगीत न वापरता अख्खा चित्रपट करता येतो का? प्रेक्षक कंटाळणार नाहीत?

येतो, आणि मराठीत तो १९३७ सालीच झाला आहे. प्रभातच्या 'कुंकू'मध्ये व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज, आणि गाण्यांनाही ग्रामोफोनसारखा प्रसंगातलाच आधार. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या नीराची ही गोष्ट आहे. तिची घुसमट सांगायला व्हायोलिन नसल्यामुळे घड्याळ आणि घरातले बारीकसारीक आवाज पुढे येतात, आणि ते घर आपल्याही अंगावर येतं. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निर्णयाचं धाडस कळतं. संकलन किंवा ध्वनी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलानं 'कुंकू' पाहायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्येही (१९६३) नेहमीचं पार्श्वसंगीत नाही. तिथे पक्ष्यांचे आवाज इलेक्ट्रॉनिक वाद्यावर घडवून तेच संगीताच्या जागी वापरले आहेत.

तुमच्या लघुपटासाठी परीक्षा सोपी आहे. सगळं संगीत म्यूट करून चित्रपट पाहा. जो प्रसंग कोसळला, तो बहुधा संगीताच्या आधीच, लिहिताना किंवा कापताना कच्चा राहिलेला असतो.

१०. शांतता वापरायची म्हणजे त्या जागी सगळे ट्रॅक बंद करायचे का?

बहुतेक वेळा नाही. शांत दुपार दाखवायची तर लांबचा पारवा, नळाचा थेंब, पंख्याची घरघर असे बारीक आवाज ठेवावे लागतात. एरवी न ऐकू येणारं ऐकू येऊ लागलं की शांतता जाणवते (रूम टोनसाठी प्रश्न ८ पाहा).

आवाज पूर्ण काढून टाकणं हे फार मोठं हत्यार आहे. 'सैराट'चा शेवट आठवा. अजय-अतुल यांच्या भरगच्च वाद्यवृंदावर चाललेला चित्रपट शेवटी निःशब्द होतो आणि लहानगं मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर पडतं. त्याआधी इतकं संगीत आपण ऐकलेलं असतं म्हणूनच तो अभाव सहन होत नाही. थिएटरात त्या क्षणी शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. अख्ख्या लघुपटात संगीत नसेल तर शेवटी आवाज काढून असा परिणाम मिळणार नाही.

११. जंप कट ही चूक आहे की शैली?

एकाच माणसाचे, जवळपास एकाच कोनातले दोन तुकडे जोडले की चित्र उडी मारतं. हे टाळायला कॅमेरा निदान ३० अंश हलवावा, असं शिकवतात. फ्रेंच दिग्दर्शक गोदारनं 'ब्रेथलेस'मध्ये (१९६०) हा संकेत उघडपणे मोडला. मोटारीतल्या प्रसंगात मुलीचं चित्र उड्या मारतं, पण बोलणाऱ्याचा ओघ चालू राहतो. आवाज तुटत नाही, म्हणून ते मुद्दाम केलंय हे कळतं. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच फ्रेमला तुटले तर प्रेक्षकाला आधी चूकच वाटते.

१२. सगळे शॉट लांबच लांब असतील तर संकलकाला काम काय उरतं?

कट कमी झाले की प्रत्येक कटची जबाबदारी वाढते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पाहा. कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर, आणि प्रसंग 'संपल्यावरही' शॉट चालू. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं बाहेर पडतात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो. चित्रपट इथेच संपला असं वाटावं इतका वेळ तो काळाच राहतो. मग पुढचा प्रसंग येतो, न्यायाधीशांच्या सहलीचा. तो काळोख किती सेकंद ठेवायचा, हा संकलनाचाच निर्णय. थोडा कमी ठेवला असता तर नुसता फेडआउट झाला असता.

लांब शॉटमध्ये प्रेक्षकाची नजर कुठे न्यायची हे आवाज ठरवतो. फ्रेममध्ये वीस माणसं असली तरी खुर्ची सरकल्याचा आवाज जिथून येतो तिथे आपण बघतो.

१३. गाणं कापताना प्रत्येक बीटवर कट द्यायचा का?

नको. चार बीटनंतर प्रेक्षकाला पुढचा कट आधीच कळतो आणि तो बघायचं थांबतो. काही कट समेवर, काही शब्दाच्या अर्थावर, काही नाचणाऱ्याच्या हालचालीवर द्या. लावणीत अदा पूर्ण होऊ देण्यासाठी सम सोडून द्यावी लागली तर खुशाल सोडा.

१४. चित्र फोनवर घेतलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला सिंक बरोबर, पण दहा मिनिटांनी ओठ पुढेमागे होतात. असं का?

दोन कारणं संभवतात. बरेचसे फोन ठरल्या दरानं फ्रेम घेत नाहीत. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की दर बदलतो. संकलनाचं सॉफ्टवेअर स्थिर दर धरून चालतं आणि घोटाळा होतो. उपाय म्हणजे संकलनाला बसण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून सगळ्या फाइली स्थिर फ्रेम दरात बदलून घ्या. पुढच्या वेळी दर पक्का करता येईल असं कॅमेरा ॲप वापरा.

दुसरं कारण, दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. छोट्या टेकमध्ये हे जाणवत नाही, कीर्तन किंवा मुलाखतीच्या सलग मुद्रणात जाणवतं. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे टाळी घ्या. फरक किती पडला ते मोजून आवाजाची लांबी तेवढीच ताणता येते, किंवा जिथे कट आहे तिथे आवाज नव्यानं जुळवता येतो.

१५. किती फ्रेम चुकलं तर प्रेक्षकाला कळतं?

आवाज पुढे गेला की लवकर कळतं, मागे पडला तर उशिरा. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की फरक जाणवू लागतो. २५ फ्रेमच्या दरानं एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे एक फ्रेम पुढे किंवा तीन मागे. असं का, ते नदीकाठी उभं राहिलं की समजतं. पलीकडच्या घाटावर धुणं आपटलेलं आधी दिसतं, आवाज मागून येतो. आवाज उशिरा येण्याची कानाला जन्मापासून सवय आहे, आधी येण्याची नाही.

थिएटरातही हेच घडतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे पडद्यापासून ३० मीटरवरच्या रांगेत तो दोनेक फ्रेम उशिराच पोचतो. म्हणून एडिटिंग टेबलवर शंका असेल तर आवाज उशिराकडे झुकू द्या, लवकर कधीच नाही.

१६. हेडफोनवर सगळं छान वाटलं. महोत्सवात मोठ्या पडद्यावर संवादच कळेना. काय चुकलं असेल?

बहुधा संगीत आणि ॲम्बियन्सनं संवाद झाकला. हेडफोनमध्ये आवाज थेट कानात येतो, त्यामुळे बारीक संवादही स्पष्ट वाटतो. मोठ्या खोलीत प्रतिध्वनी मिसळतो आणि 'स', 'त', 'ख' अशी व्यंजनं हरवतात. मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळताना, आधी संवादाची पातळी पक्की करा, मग बाकीचं त्याच्याखाली बसवा. ५.१ मिक्स (प्रेक्षकाभोवती मांडलेल्या अनेक स्पीकरसाठीचा) असेल तर संवाद मधल्या स्पीकरवर ठेवा.

हेही पाहा की मिक्स कुठल्या मापानं केलं होतं. थिएटरचे स्पीकर ८५ डेसिबलच्या संदर्भ पातळीला लावलेले असतात. नेटफ्लिक्सला संवाद उणे २७ एलकेएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास लागतो, तर यूट्यूब साधारण उणे १४ला आणून वाजवतं. यूट्यूबसाठी ठोकून मोठा केलेला मिक्स थिएटरात कर्कश होतो, ऑपरेटर आवाज कमी करतो, आणि मग संवादही बुडतो. दोन ठिकाणांसाठी दोन मिक्स करा. पाठवण्याआधी एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर आणि एकदा कुठल्याही सभागृहात, मागच्या रांगेत बसून ऐका.

१७. कथेतल्या रेडिओवर लागलेलं गाणं पुढच्या प्रसंगात पार्श्वसंगीत म्हणून चालू राहिलं तर नियम मोडतो का?

नाही मोडत, फक्त बदल कुठे झाला हे तुम्हाला माहीत असायला हवं. रेडिओवरचं गाणं पातळ, एका कोपऱ्यातून येणारं, खोलीच्या घुमण्यासकट असतं. पार्श्वसंगीत भरदार आणि पसरलेलं असतं. एकातून दुसऱ्यात जाताना हा पोत कटच्या थोडा आधी बदलायला लागा, म्हणजे हा प्रश्न ३ मधल्या जे-कटचाच प्रकार झाला. कटवरच झटकन बदलला तर तांत्रिक गडबड वाटते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: आवाज कथेतलाच आहे हे ठाम कळणं. 'फँड्री'मध्ये डुकरामागे धावणारं कुटुंब आणि शाळेतून ऐकू येणारं राष्ट्रगीत. ते शाळेतूनच येतंय याबद्दल शंका नाही, म्हणून जब्याला थांबावं लागतं, घरच्यांनाही उभं राहावं लागतं आणि डुक्कर निसटतं. तेच राष्ट्रगीत वाद्यवृंदावर, पार्श्वसंगीत म्हणून वाजलं असतं तर पात्रांना ते ऐकू गेलं नसतं आणि प्रसंगच उभा राहिला नसता. म्हणून असा आवाज मिक्स करताना तो लांबून, मोकळ्या माळावरून येतोय असाच ठेवा, कितीही मोठा करावासा वाटला तरी.